मॅकटॉरिशांची हजेरी

आमच्या खोऱ्यातली माणसं चारशे वर्षांपूर्वी कुणी कुणाची गाय पळवली ते गायीच्या रंगासकट सांगतात, आणि परवा शेजाऱ्याकडून आणलेली शिडी कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही. मी पोस्टाच्या खिडकीमागे तेवीस वर्षं बसलेय, त्यामुळे दोन्ही प्रकारची स्मरणशक्ती मला रोज सोसावी लागते. गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेतून पत्र आलं, की येत्या ऑगस्टमध्ये खोऱ्यातल्या सगळ्या कुळांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरवायचा. वाचून मी मनात म्हटलं, झालं, आता मेलेल्या गायीसुद्धा उठून बसणार.

पत्र पाठवणारा ड्वेन मॅकलेव्हन, नॉर्थ कॅरोलायनातला दातांचा डॉक्टर. त्याचे पूर्वज सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथून बोटीने गेले, आणि गेल्या दहा वर्षांत ड्वेन इथल्या कुणाहीपेक्षा जास्त स्कॉटिश झालाय. आम्ही तो चुण्यांचा घागरा, किल्ट, नेसतो लग्नाला आणि मेळाव्याला. तो दवाखान्यात नेसतो. नऊ देशांतून तीन हजार माणसं येतील असं त्याने कळवलं. आमची वस्ती दोनशे साठ, आणि त्यातले अकरा जण ऑगस्टमध्ये चिलटांना कंटाळून स्पेनला पळतात.

नियोजन समिती तिघांची. अध्यक्ष मर्डो मॅकलेव्हन, गावातल्या एकुलत्या एका हॉटेलचा मालक. तो अध्यक्ष, कारण शेकोटी असलेली मोठी खोली त्याच्याकडे आहे. सचिव मी, उना, कारण स्टेपलर माझ्याकडे आहे. आमचा घरचा वार्षिक मेळावा असतो, दोन-तीनशे माणसांचा, त्याचं सचिवपणही एकोणीस वर्षं माझ्याच गळ्यात. तिसरा ड्वेन. तो दर गुरुवारी दुपारी चार वाजता संगणकाच्या पडद्यावर उगवायचा. त्याच्या मागे भिंतीवर दोन तलवारी आणि दाढांचा एक तक्ता.

पहिल्या तीन बैठका तंबूंच्या नकाशात गेल्या. प्रत्येक कुळाला एक तंबू, आणि कुठल्याही दोन वैऱ्यांचे तंबू शेजारी नकोत, असा मर्डोचा आग्रह. त्याने टेबलावर मोठा कागद अंथरला आणि टाचण्या घेऊन बसला. ही टाचणी इथे नको, १६०२ साली बारा गुरं. ती तिथे नको, १५७१ साली एक गिरणी जाळलेली. गुरं तेरा होती, असं ड्वेन म्हणाला. बारा आणि एक वासरू, असं मर्डोने त्याला सुनावलं. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी सगळे तंबू एकमेकांपासून इतके लांब गेले की एक डोंगरावर चढला आणि एक नदीत उतरला. मी विचारलं, या कुळांतल्या येणाऱ्या माणसांना हे वैर ठाऊक तरी आहे का? कारण माझ्याकडच्या नोंदणीत गिरणी जाळणाऱ्यांची सून गिरणीवाल्यांची मुलगी होती, आणि दोन्ही घरं एकाच गाडीतून येणार होती. मर्डो म्हणाला, त्यांना ठाऊक नसलं तर आपण सांगू.

पण खरं घोडं अडलं ते जमिनीपाशी. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात. आमच्याकडे अंगण खरोखरच वाकडं आहे. हातोडाफेकीत हातोडा पडतो एकीकडे आणि सापडतो ओढ्यात. सपाट म्हणावी अशी जमीन दोनच ठिकाणी. एक गावाचं मैदान, तिथे तीनशे माणसं मावतात, तीही एकमेकांना ओळखत असली तर. आणि दुसरं, दगडी भिंतीपलीकडचं नदीकाठचं मोठं कुरण. ते इशबेल मॅकटॉरिशचं.

हे नाव निघाल्यावर मर्डो टाचण्या डबीत भरायला लागला.

कारण असं, की आमच्या मेळाव्याची सुरुवात हजेरीने होते. व्यासपीठावरून सचिव एकेका कुळाचं नाव पुकारतो. मैदानाभोवतीच्या दोराबाहेरून त्या कुळातला एक जण खणखणीत आवाजात हजेरी देतो, आणि मग त्या कुळाने दोर ओलांडून आत यायचं. नाव पुकारलं गेलं नाही तर दोर ओलांडायचा नाही, मग तुम्ही कुणी का असेना. आणि मॅकटॉरिशांचं नाव पुकारलं जात नाही. कुणालाही विचारा, कारण तोंडपाठ आहे. १५९४ साली मॅकटॉरिशांनी मॅकलेव्हनांना लग्नाच्या जेवणाला बोलावलं आणि सूप वाढायच्या आधी अकरा जण कापून काढले. गुरं पळवणं, गिरण्या जाळणं हे आम्ही एकमेकांना माफ करतो, त्यात एक प्रकारची ये-जा आहे. पण ताटावर बसलेल्या पाहुण्याला मारणं माफ नाही.

तरी गरज होती, म्हणून डिसेंबरात मी आणि मर्डो शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा घेऊन इशबेलबाईंच्या दारात उभे राहिलो. बाई शहात्तर वर्षांच्या, उंच, ताठ. एकट्या राहतात, नव्वद मेंढ्या आणि एक कुत्री. त्या नावाचं खोऱ्यात आता दुसरं कुणी नाही. त्यांनी चहा केला, आमचं सगळं ऐकून घेतलं, आणि शॉर्टब्रेड कुत्रीला दिला.

"कुरण घ्या," त्या म्हणाल्या. "मेंढ्या मी वर नेईन. फक्त हजेरीत आमचं नाव पुकारायचं."

मर्डोने कपात बघितलं.

"माझ्या बाबांना तू पाहिलंयस, मर्डो. दरसाल मेळाव्याच्या दिवशी किल्ट नेसायचे, बुटांना पॉलिश करायचे, आणि आमच्या बाजूने भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. पूर्ण यादी ऐकायचे. यादी संपली की घरात येऊन कपडे बदलायचे आणि कोंबड्यांना दाणे टाकायचे. चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत. मी एकदा विचारलं, बाबा, नाही पुकारत ते, मग कशाला जाता? तर म्हणाले, पुकारलं आणि मी तिथे नसलो तर?"

त्यांच्या वडिलांना, नीलना, मीही पाहिलेलं होतं. लहानपणी मला वाटायचं, म्हातारा मेंढ्यांवर लक्ष ठेवून उभा आहे. किल्ट नेसून मेंढ्या कोण राखतं, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्याकडे असे प्रश्न पडत नाहीत.

"मला अजून एक ऑपरेशन आहे खुब्याचं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. माझ्यानंतर नाव घ्यायला कुणी नाही. एकदा मला ते मैदानात ऐकायचंय. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

परतीच्या वाटेवर मर्डो फणफणत होता. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे बाईंना बरोबर कळलंय म्हणाला. उद्या मेल्यावर त्या अकरा जणांना मी काय तोंड दाखवू? मी म्हटलं, ते तुला एवढंच विचारतील की सूपचं काय झालं. त्यावर तो गावापर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालला. ते बरंच झालं, कारण निसरड्या उतारावर मला पायांकडे बघायचं होतं.

ड्वेनला मात्र ही गोष्ट ऐकून उकळ्या फुटल्या. गुरुवारी तो खुर्चीतून जवळजवळ उठलाच. मैदानाच्या मधोमध दोन्ही कुळांनी हात मिळवायचे, चारशे वर्षांचं वैर संपवायचं, वरून ड्रोन फिरवून चित्रण करायचं! फक्त एक हवं होतं त्याला. मॅकटॉरिशांना बंदी घालणारा मूळ कागद. तो सगळ्यांसमोर टराटरा फाडायचा. कागद असणारच, तो म्हणाला, एवढी मोठी बंदी तोंडी कोण घालेल? मर्डोलाही ते पटलं. त्याला मनातून वाटत असावं की कागद बघितला की बाईच गप्प बसतील.

म्हणजे बंदी उठवायची तर आधी बंदी सापडायला हवी होती, आणि शोधणार कोण, तर जिच्याकडे स्टेपलर आहे ती.

मेळाव्याच्या जुन्या वह्या सभागृहाच्या रंगमंचाखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत असतात. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, दुपारी पोस्ट बंद करून मी तिथे गेले. मर्डोही आला, मी कागद लपवेन अशी धास्ती असल्यासारखा. आम्ही सगळ्यात जुनी वही उघडली, १८८७ ची. मर्डोने चष्मा लावला आणि हजेरीची यादी मोठ्याने वाचायला घेतली. पहिलं नाव, दुसरं नाव. तिसऱ्या नावापाशी तो थांबला.

मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. तिसरं नाव मॅकटॉरिश. समोर लिहिलेलं, हजेरी दिली डोनाल्ड मॅकटॉरिश यांनी.

मर्डो म्हणाला, चुकून लिहिलं असेल. आम्ही १८८८ उघडली. मॅकटॉरिश, हजर. ८९, हजर. एकामागून एक वह्या काढत गेलो आणि दरसाल ती माणसं हजर. १९०८ साली तर रस्सीखेच जिंकणाऱ्या संघात तीन मॅकटॉरिश आणि चार मॅकलेव्हन एकाच दोराला लोंबकळत होते, आणि त्यांना बक्षीस म्हणून एक मेंढा मिळालेला होता. अकरा माणसं कापल्याचा कुठे उल्लेख नाही. चारशे वर्षांचं वैर असल्याचा नाही. साप साप म्हणून आम्ही सगळे भुई धोपटत होतो.

१९१४ ला मॅकटॉरिश हजर. पुढे पानं कोरी. युद्धाची चार वर्षं मेळावा भरला नाही. मग जुलै १९१९ ची समितीची बैठक. अक्षर मर्डोने ओळखलं, त्याच्या घरच्या बायबलमध्ये तेच आहे. त्याच्या पणजोबांचं. ते तेव्हा सचिव होते. मर्डोने दोन ओळी वाचल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. तू वाच म्हणाला, मला नीट दिसत नाहीये.

त्यात असं लिहिलं होतं: यंदाच्या हजेरीत मॅकटॉरिश हे नाव पुकारू नये, असं सर्वानुमते ठरलं. त्या घरातले सातही पुरुष फ्रान्समधून परतलेले नाहीत. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर ते ऐकायला तिथे कॅथरीनबाई आणि त्यांच्या तीन सुना उभ्या असतील. त्यांच्यावर ती वेळ आणू नये. धाकट्या सुनेचा मुलगा नील नऊ महिन्यांचा आहे. तो उत्तर देण्याजोगा झाला की नाव पुन्हा पुकारावं. सचिवाने लक्षात ठेवावं.

रंगमंचाखाली कमालीची थंडी होती. आम्ही दोघं तिथेच फळ्यांवर बसून राहिलो.

पुढचं कोडं सुटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मर्डोचे पणजोबा १९२६ च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. नव्या सचिवाने मागच्या वर्षीची यादी उतरवून काढली. त्याच्या पुढच्याने त्याची. लोकांच्या लक्षात आलं की मॅकटॉरिशांचं नाव घेत नाहीत, म्हणजे काहीतरी कारण असणार. आणि आमच्या खोऱ्यात कारण हवं असलं की माणसं मागे जातात, जितकं मागे जाता येईल तितकं. कुणाला तरी लग्नाचं जेवण आठवलं. नील तरुण झाला तोवर सतरा वर्षांपूर्वीची माया विसरून गेलो आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचा खून लक्षात ठेवला. ज्याला लक्षात ठेवायला सांगितलं होतं तो सचिव, आणि आता सचिव मी. त्या वह्यांतल्या शेवटच्या एकोणीस याद्या माझ्या हातच्या आहेत, चारही कोपऱ्यांना व्यवस्थित स्टेपल केलेल्या. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गुरुवारी ड्वेनला सांगितलं. मी वहीतलं पान वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग तो म्हणाला, ड्रोन नको. त्या दिवसापासून ड्वेन मला आवडतो.

इशबेलबाईंकडे कसं जायचं यावर मात्र आम्ही आठवडा घालवला. पत्र लिहावं असं मर्डो म्हणाला. मी म्हटलं, पत्र माझ्याच हातून जाणार, आणि मला ते जमणार नाही. शेवटी तोच वही बगलेत मारून निघाला, आणि मी त्याच्या मागे. चढ चढताना पाऊस लागला, तर त्याने कोट काढून वहीला गुंडाळला आणि स्वतः भिजला. बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याने टोपी काढली आणि उभ्यानेच पान वाचलं. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला, पण वाचलं त्याने. सचिवाने लक्षात ठेवावं, हे सुद्धा.

बाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. मला वाटलं रडतायत. वळल्या तर चेहरा लालभडक झालेला.

"माझ्या बाबांना कुणी कधी वाईट बोललं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे सभ्य. टोप्या उचलायचे. त्यांना वाटायचं, आपल्या रक्तातच काहीतरी खोट आहे आणि लोक चांगुलपणामुळे ते बोलून दाखवत नाहीत. रात्रंदिवस तो माणूस सभ्यपणे वागला, का, तर लोकांना वाटायला नको की हा त्या खुन्यांतला आहे. आयुष्यभर कुणाच्या घरी जेवला नाही, आणि कुणाला घरी जेवायला बोलावलं नाही. आणि तुमच्याकडे हे लिहून ठेवलेलं होतं. बिस्किटांच्या डब्यात."

"हो," मर्डो म्हणाला.

"ते भिंतीपाशी उभे राहिले त्या पासष्ट वर्षांत एकाने वही उघडली असती तर."

"आमचं चुकलं, इशबेल. पणजोबांचं नाही. आमचं."

मीही म्हटलं, माझंही. शेवटच्या एकोणीस वर्षांचं तर माझंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बस खाली, उगाच ताटकळत उभी राहू नकोस. मग त्यांनी आम्हा दोघांना मटणाचं सूप वाढलं. मर्डो बशीकडे बघत राहिला. मॅकटॉरिशांच्या घरी मॅकलेव्हन सूप खातोय म्हणून असेल.

"खा," बाई म्हणाल्या. "आजवर एकालाही मारलं नाहीये मी."

तो हसला आणि मग त्याला हसणं आवरेना, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. बाईंनी त्याला खुशाल रडू दिलं आणि आपण पाव कापत बसल्या.

निघताना मर्डोने हजेरीची यादी बाईंपुढे ठेवली आणि म्हणाला, वाटेल ते मागा. पहिलं नाव तुमचं. वाटल्यास बॅगपाइप. वाटल्यास व्यासपीठावर खुर्ची. बाईंना त्यातलं काही नको होतं. पूर्वी तिसरं होतं ना, मग तिसरंच असू द्या, म्हणाल्या. त्यांनी फक्त माझा हात धरला.

"नाव पुकारलंस की लगेच माझ्याकडे बघू नकोस. थोडी थांब. ते सात जण आहेत, आधी त्यांना उत्तर द्यायला वेळ दे. पणजीला ते ऐकायला लागू नये म्हणून तुम्ही नाव घेतलं नाहीत, ठीक आहे. पण त्यांना एकदा कुणी हाक मारायला नको का?"

मी हो म्हटलं. 

जूनमध्ये कुरणावर रंगीत तालीम झाली. मेंढ्या वर गेल्या होत्या, गवत कापलेलं, दोर बांधलेला. ड्वेनही मुद्दाम आठवडाभर आधी येऊन राहिला होता, अंगावर किल्ट आणि तोंडावर चिलटांची जाळी. तंबूंचा नकाशा मर्डोने स्वतःच्या हाताने शेकोटीत टाकला होता; ज्याला जिथे हवं तिथे ठोका म्हणाला. गावातली तीस-चाळीस माणसं बघायला जमली, तालमीला एरवी चारही येत नाहीत. बाई कुळाच्या रंगाची शाल खांद्यावर घेऊन, काठी टेकत, दोराबाहेर एकट्या उभ्या होत्या.

मी पेटीवर चढले. पहिलं नाव घेतलं, हजेरी आली. दुसरं घेतलं, आली. मग मी श्वास घेतला आणि मॅकटॉरिश म्हणून जमेल तेवढ्या मोठ्याने हाक मारली. समोरच्या डोंगरापर्यंत जाईल अशी.

आणि थांबले. मनात सात मोजायचे ठरवले होते. एकेक आकडा एकेक माणूस, हे मोजायला लागल्यावर कळलं. कुणी खोकलं नाही. ड्वेनने जाळी वर करून टोपी हातात घेतली.  कॅथरीनबाईंना हे ऐकू द्यायचं नाही असं ठरवणाऱ्या त्या माणसांचं म्हणणं मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. सात झाले.

"मॅकटॉरिश हजर," इशबेलबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, पण सगळ्या कुरणाला ऐकू आलं. मग त्यांनी दोर उचलला आणि त्याच्याखालून वाकून आत आल्या, कारण खुब्यामुळे त्यांना तो ओलांडता येत नव्हता.

यादी पुढे न्यायला हवी होती. डोळे पुसून मी पुढचं नाव पुकारलं, मॅकलेव्हन. उत्तर आलं नाही. पुन्हा पुकारलं. मर्डो समोर उभा, तोंड उघडं, हनुवटी हलतेय, आणि आवाज फुटत नाही. मी काय करावं ते न कळून तिसऱ्यांदा पुकारायला जाणार, तर मैदानाच्या आतून इशबेलबाईंनी काठी वर करून मला गप्प केलं.

"घाई करू नकोस, उना," त्या म्हणाल्या. "तो जिवंत आहे. देईल उत्तर."